पश्चिमेच्या भिंतीच्या कड्या

२६ मे १९८४, शनिवार. बाळंतपणाच्या खोलीतल्या तिन्ही गाद्या अंगणात उन्हाला टाकून मी त्या काठीनं झोडपत होते. पावसाआधी हे काम करावंच लागे. त्या खोलीत काहीही ठेवलं की पंधरा दिवसांत त्याला कुबट वास लागायचा. गादी, चादर, कापूस, काहीही. नुसतं डेटॉलनं पुसून तो वास जायचा नाही, हे मला एव्हाना पाठ झालं होतं.

पौडच्या पुढं, धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावर हा विटांचा बंगला होता. राणीच्या अमदानीत कुणा गोऱ्या इंजिनिअरनं सरकारी कामावर आलं की उतरायला बांधलेला. स्वातंत्र्यानंतर तो जिल्ह्याच्या खात्याकडं आला. पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना, पश्चिमेच्या खोलीत बाळंतपणं, आणि मागच्या एका खोलीत नर्स म्हणून मी. तिथं मला तेरा वर्षं झाली होती.

गाद्यांची एक बाजू झाली, तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. एक पिकल्या केसांचे गृहस्थ आणि पँट घातलेली एक तरुण मुलगी उतरली. गळ्यात कॅमेरा, हातात मोजायची टेप. पुण्याहून आले होते. जिल्ह्यातल्या जुन्या, जपण्यासारख्या इमारतींची यादी करायचं काम चाललंय म्हणाले.

"बघा," मी म्हटलं. "फक्त आत पेशंट आहे, तिचा फोटो काढू नका."

मुलगी आर्किटेक्ट होती. तिनं पूर्वेच्या भिंतीवर हात फिरवला आणि ओरडलीच. "सर, इकडे या ना! एक थर लांबीचा, एक थर टोकाचा, आणि कोपऱ्यापर्यंत कुठेही चुकलेलं नाही!"

तेरा वर्षं त्या भिंतीशेजारी मी कपडे वाळत घातले होते. विटा कशा लावल्यात ते कधी पाहिलं नव्हतं. तिनं दाखवलं तेव्हा दिसलं. एका थरात वीट आडवी, वरच्या थरात तिचं नुसतं डोकं बाहेर. मधल्या चुन्याच्या दरजा करंगळीच्या नखापेक्षा बारीक. खिडक्यांवर लाकडाचा तुकडा नाही. विटाच पाचरीसारख्या घासून कमानीत बसवलेल्या, आणि सगळं वजन त्यांच्यावर. छपराखाली विटांची एक दातेरी ओळ फिरत गेलेली. काळ्या दगडाचं कमरेएवढं जोतं. कौलांच्या माथ्यावर एक छोटं दुसरं छप्पर होतं. त्यात कबुतरं राहतात एवढंच मला माहीत होतं. ते गरम हवा बाहेर जायला केलंय, हे ती म्हणाली तेव्हा कळलं.

"तुम्ही इथं राहता? भाग्यवान आहात," गृहस्थ म्हणाले.

"छप्पर गळतं," मी म्हटलं.

ते हसले. मुलगी उत्तरेची बाजू मोजून, कोपरा वळून पश्चिमेला गेली आणि तिचा आवाज बंद झाला.

मी काठी खाली ठेवली. तिकडं काय आहे ते मला माहीत होतं.

पश्चिमेच्या भिंतीवर वरच्या भागात सिमेंटचा करडा गिलावा शिल्लक होता, फुगलेला. खालचा गळून पडला होता आणि पडताना विटांची तोंडं घेऊन गेला होता. आतल्या विटा बोटानं उकरल्या तरी भुगा होत होत्या. दोन वर्षांपूर्वी खात्यानं पत्रे टेकवून ठेवले होते. त्यातले अर्धे वाऱ्यानं नेले.

मुलीनं गिलाव्यावर टिचकी मारली. डबडब आवाज आला.

"हे कोणी केलं?" तिनं विचारलं. रागानं नाही. अपघाताची जखम बघून आपण विचारतो तसं.

"मी," मी म्हटलं.

पाच वर्षांत हा शब्द पहिल्यांदा तोंडातून निघाला. आणि तोही अशा माणसापुढं, ज्याचं त्यात काहीच गेलं नव्हतं.

गृहस्थ वाकून गिलाव्यातून डोकावणारी लोखंडाची गंजलेली टोकं बघत होते. एका रेषेत, दोन ओळींत. "ही टोकं कसली? इथं काही बांधत होते का?"

"कड्या होत्या," मी म्हटलं. "मीच कापल्या."

आमच्याकडचा पाऊस पश्चिमेकडून, डोंगरावरून आडवा येतो. गावात कुणाचंही घर असो, वळवाचे ढग दिसायला लागले की पश्चिमेच्या भिंतीला कारवीच्या तट्ट्या बांधतात. कारवीच्या काठ्या विणून केलेलं दाराएवढं कूड, त्यावर भाताचा पेंढा. भिंतीला पाणी लागतच नाही. दसऱ्याला सोडून माळ्यावर टाकायच्या. बंगला बांधणारा साहेब इथला एखादा पावसाळा बघून शहाणा झाला असावा. त्यानं इतक्या देखण्या भिंतीत लोखंडी कड्यांच्या दोन ओळी बसवून घेतल्या, आणि तट्ट्या बांधणं हे बंगल्याच्या राखणदाराचं काम म्हणून कागदावर लावून ठेवलं.

राखणदार म्हातारा होता. त्याच्या बापानंही तेच काम केलेलं. तो आणि त्याची बायको बंगल्यामागच्या सुट्या खोलीत राहत. ती साहेबांच्या वेळची स्वयंपाकाची खोली. मे महिन्यात तो डोंगरावरून कारवी आणी, आठ दिवस विणत बसे, आणि शिडी लावून बांधे. त्या आठ दिवसांत दवाखान्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. पेंढ्यात उंदीर, एकदा फुरसंही निघालं. तट्ट्या लागल्या की बाळंतपणाच्या खोलीची खिडकी झाकली जाई आणि चार महिने मला दिवसाही कंदील लावून काम करावं लागे. मला त्या तट्ट्यांचा संताप होता.

१९७९च्या मे महिन्यात व्हरांड्याच्या दुरुस्तीसाठी सिमेंटच्या बॅगा आल्या. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळे. माझ्या सहीनं अर्ज गेला होता, माझ्या सहीनं बॅगा उतरल्या. व्हरांडा झाला आणि सहा बॅगा उरल्या. पाऊस तोंडावर. पावसात सिमेंट ठेवलं तर त्याचा दगड होतो. मी विचार केला, पश्चिमेची भिंत एकदा लिंपून टाकू. तट्ट्यांची कटकट कायमची जाईल, खिडकी उघडी राहील, बायकांना बाळंतपणात उजेड मिळेल. यात काय चुकलं होतं ते मला तेव्हा दिसलं नाही. खरं सांगायचं तर मला माझं कौतुकच वाटत होतं.

काम करायला पौडच्या बाजारपेठेतले मिस्त्री आले. मुसलमान, घरात तीन पिढ्या गवंडीकाम, आणि बोलायला फटकळ. भिंतीपुढं उभे राहून त्यांनी दरजेतला चुना नखानं खरवडला, जिभेला लावला आणि थुंकले.

"बाई, तुमी पेशंटला रेनकोट घालून झोपवता का?"

"काहीतरी काय, मिस्त्री."

"मग हिला कशाला घालताय? ही चुन्यातली भिंत हाय. हिला घाम येतो. सिमेंट लावलं तर घाम जायचा कुटं?"

"बाहेरून पाणीच शिरणार नाही तर घाम कसला?"

"पानी जोत्यातनं चढंल, कौलातनं उतरंल. त्याला तुमच्या सहीची गरज न्हाई."

"मिस्त्री, औषध मी सांगते, तुम्ही लावा," मी म्हटलं. त्यांनी खांदे उडवले आणि वाळू चाळायला घेतली.

कड्यांचा प्रश्न तेव्हा निघाला. कड्या ठेवल्या तर त्यांच्या कडेनं गिलावा फुटणार. मी म्हटलं, कापून टाका. राखणदार इतका वेळ पायरीवर विडी ओढत बसला होता. तो उठून जवळ आला.

"बाई, सिमेंट लावायचं तर लावा. कड्या नका काढू. त्या काय खात्यात व्हय?"

"बाबा, आता तट्ट्या बांधायच्याच नाहीत. कड्या कशाला?"

"ऱ्हाऊ द्या की. लागल्या तर?"

"लागणार नाहीत. आणि यंदापासून तुम्ही तट्ट्या बांधायच्या नाहीत. मी सांगतेय."

मिस्त्रींच्या माणसानं करवतीनं एकेक कडी कापली. राखणदारानं त्या गोळा करून फडक्यात बांधल्या आणि घेऊन गेला. पुढं आठ दिवस तो अंगणात रिकामा बसून होता. मेमध्ये रिकामं बसायची त्याला सवय नव्हती. मला वाटलं, बरं झालं, म्हाताऱ्याला विश्रांती.

पहिले दोन पावसाळे खोली कोरडी होती. उजेड होता. मी भेटेल त्याला सांगत होते. तिसऱ्या वर्षी आतल्या भिंतीला लोणा फुटला. कापसासारखा पांढरा, हातानं झाडला की मिठासारखा खाली पडे. मी चुन्याचा हात दिला. महिन्यात परत फुटला. मग कुबट वास आला. १९८२च्या जुलैमध्ये एका दुपारी, खोलीत एक बाई कळा देत असताना, बाहेर धप्पकन आवाज झाला. भिंतीचा खालचा गिलावा पडला होता आणि त्याच्यासोबत विटांचा एक थर. बाळंतपण नीट झालं. मुलगी झाली. मी हात धुतले आणि बाहेर जाऊन बघितलं. मिस्त्रींनी सांगितलं होतं ते अगदी तसंच झालं होतं.

ऑगस्टमध्ये खात्याचे साहेब तपासणीला आले. छत्री घेऊन भिंतीपुढं उभे राहिले. कागदावर बघून विचारलं, "तट्ट्या बांधायचं काम कुणाचं?"

"माजं, साहेब," राखणदार म्हणाला.

"मग का नाही बांधल्या?"

राखणदारानं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. वाटेत कुणी आडवं आलं तर आपण बघतो तेवढंच.

मी बोलायला हवं होतं. एकच वाक्य होतं. पण सिमेंट व्हरांड्याच्या नावावर आलं होतं आणि सही माझी होती. ते निघालं असतं. मी झटकन हिशेब मांडला. गप्प राहिलं तर त्याला एखादी ताकीद मिळेल, विषय मिटेल, आणि नंतर मी त्याचं काहीतरी बघेन. दवाखान्यात मी असेच झटपट निर्णय घेत असे आणि ते बहुधा बरोबर येत. मी गप्प राहिले.

"ऱ्हायलं, साहेब," राखणदार म्हणाला.

साहेबांनी लिहून घेतलं. ताकीद आली नाही. महिन्याभरात त्याला कामावरून कमी केल्याचा कागद आला, आणि मागची सुटी खोली रिकामी करायचा.

जायच्या दिवशी तो दवाखान्याच्या दारात उभा राहिला. आत आला नाही. "बाई, काम गेलं ते गेलं. एक चिठ्ठी लिवून द्या. का मी काम चुकवलं न्हाई. लेकीच्या सासरी जाऊन ऱ्हायचंय. तितं काय सांगू?"

बाहेर पोरांना डोस पाजायला पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. "देते, बाबा. आत्ता गर्दी आहे. दोन दिवसांनी पाठवते," मी म्हटलं.

लेकीचं सासर कासार आंबोलीला. पुण्याच्या बसनं तासभर. दोन दिवसांचे दोन महिने झाले, मग मी तो विचार करायचंच सोडलं. आंबोलीहून पेशंट आली की मी तिच्याशी गावाबद्दल बोलायचं टाळत असे.

हे सगळं मी त्या गृहस्थांना सांगितलं नाही. कड्या मी कापल्या आणि तट्ट्या मी बंद केल्या, एवढंच सांगितलं. त्यांनी वहीत नोंद केली. म्हणाले, "घर यादीत जाईल. तीन बाजू अशा आहेत की घ्यावंच लागेल. पण ही भिंत या पावसात उघडी राहिली तर वरची तुळई बसेल, आणि मग यादीत काय ठेवायचं? हे तट्ट्यांचं काम येणारं कुणी आहे का?"

"होता एक," मी म्हटलं.

जीप गेली. मी गाद्या आत ओढल्या, आयाला दवाखान्यात बसवलं, आणि दुपारच्या एसटीनं कासार आंबोलीला गेले. फाट्यावर उतरून विचारत गेले. घर सापडलं. ओसरीच्या खांबाला एक जाड लोखंडी कडी ठोकलेली होती आणि तिला शेळी बांधली होती. कडी मी ओळखली.

राखणदार बाजेवर बसला होता. त्याच्या बायकोनं मला आधी बघितलं.

"आलाव व्हय? दोन वर्सं व्हत आली. यष्टी लई हळू चालती जनू."

"गप," तो म्हणाला. "बाई, बसा."

मी बसले. तोंडाला येईल तसं बोलून टाकलं. भिंत माझ्यामुळं गेली, साहेबांपुढं मी बोलले नाही, चिठ्ठी दिली नाही. त्याची बायको सूप हातात घेऊन ऐकत होती.

"ऐका," ती नवऱ्याला म्हणाली. "मी काय म्हनत व्हते? बाईंनी चिठ्ठी दिली न्हाई म्हंजी चुकी तुमचीच आसंल, असंच व्याही म्हनला का न्हाई? पंगतीत म्हनला. दोन वर्सं मी त्याच्या घरचं दळतीया आन् ऐकतीया."

"आता लिवून काय हुनार?" तो म्हणाला. "काम का परत येनार हाय?"

"काम ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "बाई, हितंच लिवा. आत्ता."

माझ्याजवळ पर्समध्ये बसचं तिकीट आणि औषधाच्या रिकाम्या पुड्या होत्या. मी पुडी काढली, तर म्हातारा नको म्हणाला.

"तसलं नको. शिक्का मारून द्या. दवाखान्याचा."

मला त्याचं म्हणणं पटलं. बिनशिक्क्याच्या कागदाला कुणी विचारत नाही.

मग मी तट्ट्यांचं विचारलं. तो येईल का. त्यानं दोन्ही हात पुढं धरले. बोटं थरथरत होती. "शिडीवर न्हाई चढवत आता. तुमी कुनाकडनं तरी करून घ्या. खालची वळ आदी, मंग वरची. वरची खालचीवर आली पाहिजे, न्हाईतर पानी आत जातं. कड्या न्हाईत, तर वर वळचनीच्या वाशाला बांधा आन् खाली दगडं लावा. आन् गाठ सुरगाठ मारा, बाई. एका हिसक्यात सुटाया पाहिजे. ज्यानं बांधलं त्यानंच दसऱ्याला सोडायचं असतं."

"कारवी?"

"कारवी कोन देनार आता मेच्या शेवटाला? माळ्यावर जुन्या हायेत माज्या. बघितल्या न्हाईत?"

मी बघितल्या नव्हत्या. पाच वर्षं त्या दवाखान्याच्या माळ्यावर होत्या. माझ्या डोक्यावर.

तो बंगला नंतर यादीत गेला. दवाखाना आता रस्त्यापलीकडच्या स्लॅबच्या इमारतीत आहे आणि तिथं बाळंतपणाच्या खोलीला भरपूर उजेड आहे. पश्चिमेची भिंत पुढं चुन्यातच, जुन्या मापाच्या विटा पाडून आणून, नव्यानं बांधली. ती आर्किटेक्ट मुलगी महिनाभर कामावर उभी होती. भिंत चांगली झाली. कुणाही माहीतगाराला नवी-जुनी यांतला फरक कळतो. राखणदाराला त्याची खोली काही परत मिळाली नाही. दोन पावसाळे कुणी राहत नव्हतं, तिचं छप्पर बसलं होतं.

आंबोलीहून परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी सहाला मी दवाखान्याच्या टेबलाशी बसून कागदाच्या दोन प्रती लिहिल्या. पश्चिमेची भिंत सिमेंटनं लिंपायचं आणि कड्या कापायचं मी ठरवलं. राखणदारानं कड्या कापू नका म्हणून सांगितलं होतं. तट्ट्या बांधू नका हा हुकूम माझा. त्यानं काम चुकवलं नाही. सिमेंट व्हरांड्यासाठी आलं होतं, हेही लिहिलं. खाली सही, तारीख, शिक्का. तारीख त्या दिवसाचीच घालावी लागली. एक प्रत खात्याच्या पाकिटात घालून चिकटवली आणि दुसरी घेऊन पहिल्या एसटीनं आंबोलीला गेले.

म्हाताऱ्यानं शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि कागद माझ्याकडं परत दिला. वाचून दाखवा म्हणाला. मी वाचला.

"हितं नको," त्याची बायको म्हणाली. "भाईर चला. व्याही गोठ्यात हाय. मोठ्यानं वाचा."

मी ओसरीवर आले आणि शेळीशेजारी उभी राहून पहिल्यापासून मोठ्यानं वाचला. मग साडेनऊच्या गाडीनं परत आले, माळ्यावरच्या तट्ट्या खाली काढल्या आणि शिडी लावली.